दहा महिन्यांचा क्लब आणि माळव्याचा उन्हाळा

बी-स्कूलमधला कुठलाही क्लब खरं तर दहा महिन्यांचाच असतो, हे मला अध्यक्ष झाल्यावर कळलं. कागदावर तो जुना असतो, लोगो असतो, इन्स्टावर मागच्या सगळ्या बॅचेसचे टी-शर्ट घातलेले फोटो असतात, पण माणसं बघा ना. पोरं जुलैत येतात, ऑगस्टमध्ये इंटरव्ह्यू देऊन क्लबात शिरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यातल्याच एकाच्या गळ्यात अध्यक्षपद पडतं आणि लगेच एप्रिल-मे म्हणजे समर्स (उन्हाळी इंटर्नशिप), जो तो मुंबई, बंगळूर, गुडगाव, मग परत येऊन कामाला लागेपर्यंत पाऊस सुरू, दिवाळी झाली की प्लेसमेंटची तयारी, त्यानंतर ग्रुपवर मेसेज टाकला तर निळ्या टिका येतात, उत्तर कोणाचंच येत नाही.

फायनान्स क्लबचं यात काही बिघडत नाही, मार्केट रोज उघडतं नि रोज बंद होतं. पण आमचा क्लब सोशल अँड एन्व्हायर्न्मेंटल इम्पॅक्टचा. झाड, नदी, माती, शाळा, यातलं कुठलं दहा महिन्यांत आटपतं? इंदुरात रामबागेतल्या घरी आजीला क्लबचं नाव सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे समाजसेवा ना?" मी म्हटलं हो गं, तसंच समज. "मग त्याला एवढी फी भरून कॉलेज कशाला लागतं? गणेशोत्सव मंडळात पण करतात की." याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आणि मंडळाचं एक बरं असतं, तिथली माणसं दरवर्षी तीच असतात.

माझं वर्ष २०२४-२५. त्या जुलैच्या १४ तारखेला इंदूरने एका दिवसात ११ लाखांच्या वर रोपं लावून गिनीजमध्ये नाव नोंदवलं, रेवती रेंजवर, केंद्रीय गृहमंत्री आले होते, आठवडाभर आधीपासून शहरात दुसरा विषय नव्हता. साहजिकच आमच्या ग्रुपवर पण सुरू झालं, आपण काय करतोय, आपला ड्राइव्ह कधी, बॅनर छापायला टाकू का. मी म्हटलं या वर्षी आपण एकही झाड लावायचं नाही. मग जी काय बोंबाबोंब झाली ती विचारूच नका. पर्यावरणाच्या क्लबची अध्यक्ष म्हणते झाडं नको, याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या क्लबांपर्यंत फिरले.

माझं म्हणणं साधं होतं. हॉस्टेलच्या मागे आमच्या आधीच्या बॅचेसनी लावलेली एक लांबच लांब रांग आहे, कडुलिंब, करंज, मध्ये मध्ये कुणाच्या तरी हौसेचा गुलमोहर. प्रत्येक खड्ड्यापाशी लावणाऱ्याच्या नावाची पाटी. पाट्या सगळ्या शाबूत, झाडं निम्मीशिम्मी. आमची जमीन काळी, पावसात बुटाला चिकटून येते आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की आत पंजा जाईल. रोप जुलैत लावायचं ठीक आहे, पाऊस त्याला सांभाळतो, पण ते जगणार की मरणार हे ठरतं पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, आणि नेमके त्याच दोन महिन्यांत आम्ही कोणीच कॅम्पसवर नसतो. इंटर्नशिपला एसी ऑफिसात बसून सस्टेनेबिलिटीचा डेक बनवत असतो (हा टोमणा मला पण लागू आहे, मी तेच करत होते). आमचे माळीकाका एकदा पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मॅडम, लगाने तो सब आते हैं, मई में कोई नी आता." त्यांच्या आवाजात तक्रार पण नव्हती, त्यांनी नुसती माहिती दिली.

यात सीव्हीची भानगड पण आहे, ती बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. प्लेसमेंटच्या सीव्हीवर प्रत्येक ओळीला आकडा लागतो आणि त्या आकड्याचा पुरावा लागतो. 'इतकी रोपं लावली' याचा पुरावा संध्याकाळपर्यंत मिळतो, फोटो नि नर्सरीचं बिल. 'इतकी रोपं जगवली' याचा पुरावा मिळायला तीन वर्षं लागतात, तोवर तुम्ही नोकरी बदललेली असते. मुलं स्वार्थी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण तुम्ही ज्याला मार्क देता तेच होतं, हे तर आम्हाला पहिल्याच टर्ममध्ये फी घेऊन शिकवलं होतं.

मग ठरलं की आहेत तीच झाडं जगवायची. कल्पना अशी निघाली की हॉस्टेलच्या वॉटर कूलरच्या आरओ मशीनमधून जे पाणी गटारात जातं, आणि ते बरंच जातं, त्याची लाइन त्या रांगेपर्यंत न्यायची आणि ड्रिप टाकायचं. ऑपरेशन्सवाल्या दोघांनी मस्त डायग्राम काढला. माळीकाकांना दाखवला तर त्यांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ते पाणी खारट असतं, काळ्या मातीत क्षार साचत जातात, तेव्हा एक पाळी ते नि एक पाळी बोअरिंगचं असं द्यावं लागेल. आणि दुसरी, हॉस्टेल मे महिन्यात अर्धं रिकामं असतं, पिणारेच नाहीत तर फेकलं जाणारं पाणी कुठून येणार? आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी लाइन मेसच्या किचनकडून आणि फॅकल्टी ब्लॉककडून घेतली, तिथे बारा महिने माणसं असतात. एस्टेट ऑफिसची परवानगी यायला दिवाळी उजाडली ती गोष्ट वेगळी, पण उन्हाळ्याच्या आत पाइप पडला.

यानंतर मी क्लबातल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायला लागले, आपण गेल्यावर हे कोण करणार? प्रश्न इतका कंटाळवाणा की दोन जण क्लब सोडून गेले. पण याच चाळणीतून मेसचं काम निघालं, आणि मला विचाराल तर माझ्या वर्षात आमच्या हातून झालेलं सगळ्यात बरं काम तेच.

मेसमध्ये अन्न वाया जातं ही काय नवी गोष्ट नाही. दर बॅच पोस्टर लावते, उपाशी मुलाचा फोटो, खाली दोन ओळी, लोक त्या फोटोकडे बघत बघत ताट डब्यात उपडं करतात. आम्ही फक्त एवढंच केलं की डब्यापाशी वजनकाटा ठेवला आणि कोण किती टाकतं याऐवजी काय टाकतं ते लिहायला लागलो. भाजी नाही, भात नाही, रात्रीच्या पोळ्या. कडक झालेल्या, जोडीजोडीने, अगदी न तुटलेल्या. आता एवढ्या पोळ्या घेतात कशाला? तर पोळीचा काउंटर एकच, रांग जिन्यापर्यंत, परत उठून रांगेत कोण उभं राहणार म्हणून प्रत्येक जण एकदम चार-चार घेऊन ठेवतो, खातो अडीच. रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, हा लिटलचा नियम आम्ही दुसऱ्या टर्मला घोकला होता, १९६१ चा, आणि तो समोर ताटं घेऊन उभा होता. म्हणजे ज्याला आम्ही इतकी वर्षं संस्कारांचा प्रश्न समजत होतो तो रांगेचा प्रश्न निघाला. मेसच्या मॅनेजरभैयांना दुसरा तवा परवडत नव्हता, पण त्याच पोळ्या दोन हॉटकेसमध्ये हॉलच्या दोन टोकांना ठेवायला त्यांची ना नव्हती. रांग मोडली, मुलं दोनदोन घ्यायला लागली, डबा हलका झाला. पोस्टरं आम्ही काढून टाकली, नाहीतरी ती तेलकट झाली होती.

मोहीम वाईटच असते असं मात्र मी म्हणणार नाही, त्यातही अक्कल लागते, आणि त्याचं उदाहरण आपल्या इंदूरचंच आहे. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करायला इथे आले होते, त्यांचा रिपोर्ट १९१८ चा. तेव्हा शहरात प्लेग. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाईल ते आधी सांगणार नाही, ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं साफ नि डागडुजी केलेली असतील तिथून ती जाईल. झालं, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ. मिरवणुकीत सफाई कामगार मानाने, हार घालून, आणि शेवटी प्लेगच्या राक्षसाचं नि उंदराचं दहन. आज कचऱ्याच्या गाडीत सहा वेगळे कप्पे नि त्यावर वाजणारं गाणं हे इंदूरच्या पोराटोरांना पाठ असतं, बाहेरून आलेली बॅचमेट मंडळी मात्र पहिल्या आठवड्यात हातात डायपर किंवा बॅटरी घेऊन कुठला कप्पा म्हणून उभी असतात, तेव्हा मला उगाचच अभिमान वाटतो.

कंपोस्टचं पण तसंच. कॅम्पसचा ओला कचरा कॅम्पसवरच जिरवा म्हणून आम्ही एस्टेट ऑफिसच्या मागे लागलो तर आधी ताकास तूर लागू देईनात, मग आम्ही २०१६ चे घनकचरा नियम काढले, पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असं त्यात स्पष्ट होतं, तेव्हा कुठे फाइल हलली. आणि पद्धत कुठली वापरायची? अहो, जगात जिला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती! अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, आता जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुतात भिजलेली माती, राख यांचे थर लावून, ठराविक वेळी उलथून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक आलं त्याच्यावर दोघांची नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डना सगळं जग सेंद्रिय शेतीचे जनक म्हणतं, आणि वाडांचं नाव इंदुरातल्या मराठी घरांत पण कोणाला माहीत नाही. मी आमच्या घरी विचारलं, आत्याला विचारलं, कोणालाच नाही. मला याचा जरा रागच आला, म्हणून खताच्या खड्ड्यांना आम्ही वाड एक, वाड दोन अशी नावं देऊन टाकली. आता किचनची पोरं बिनधास्त म्हणतात, "वाड दो भर गया, मॅडम."

जानेवारीत मात्र असं काही आलं की ज्याच्यापुढे आमची चाळणी-बिळणी सगळी लहान पडली. हायकोर्टाने डिसेंबरमध्ये खडसावल्यावर वायुदुर्घटना झालेल्या भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरमधून रातोरात निघाला आणि २ जानेवारी २०२५ ला जाळण्यासाठी पीथमपूरला पोचला. पीथमपूर आमच्यापासून तासाभराच्या आत. ३ तारखेला तिथे बंद, दगडफेक, लाठीमार. आणि माझे बाबा गेली कितीतरी वर्षं पीथमपूरला कामाला जातात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी शाळेत जायच्या आधीपासून. त्या दिवशी ते घरी आले ते पार रात्री.

क्लबच्या ग्रुपवर अर्ध्यांना निषेधाचं पत्रक काढायचं होतं, अर्ध्यांना फायनल प्लेसमेंटचं टेन्शन, एकाने तर लिहिलं की तिथल्या दोन कंपन्या आपल्याकडे रिक्रूट करायला येतात, जरा जपून. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "काढा पत्रक, मी नको म्हणत नाही. पण तुझी फी तिथूनच येते, तेव्हा आधी नीट वाचा तरी." म्हणून आम्ही पत्रक न काढता एक रात्र बसून सगळं वाचलं, कोर्टाचे आदेश, आधीच्या चाचणीचे रिपोर्ट, गावकऱ्यांचं म्हणणं. बिझनेस एथिक्सच्या तासाला भोपाळची केस आम्ही शिकलो होतो, ती १९८९ ला ४७ कोटी डॉलर्सच्या सेटलमेंटपाशी संपते, मग तुम्ही दोन बाजू मांडायच्या नि ग्रेड घ्यायची. ती केस चाळीस वर्षांनी ट्रकमध्ये बसून आमच्या शेजारच्या गावात उतरली होती. पहाटेपर्यंत वाद झाला, एकमत झालं नाही, पण त्या रात्री जे बसले होते त्यातल्या तिघी-चौघांनी पुढे कॉर्पोरेट इंटरव्ह्यूत 'कंपनीची जबाबदारी कुठे संपते' या प्रश्नावर जे काय उत्तर दिलं असेल ते इतरांपेक्षा वेगळं असणार, याची मला खात्री आहे. तो कचरा जाळून व्हायला जूनची अखेर उजाडली. आम्ही तोवर पदव्या घेऊन पांगलो होतो. त्याच्या राखेचं काय करायचं यावर कोर्टात वाद पुढे चालूच राहिला.

फेब्रुवारीत कंपन्यांचे फोन सुरू होतात. याचं कारण प्रेम नसून कंपनी कायद्याचं कलम १३५ आहे. ५ कोटी नफा, किंवा १००० कोटी उलाढाल, किंवा ५०० कोटी नेटवर्थ, यातलं काहीही एक असलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करायचे, २०१४ पासून आहे हे, आणि हिशोबाचं वर्ष संपतं ३१ मार्चला. एक साहेब आले होते, कुठल्या कंपनीचे ते जाऊ दे, त्यांना मार्चच्या आत गावात एक 'प्रोजेक्ट' हवा होता, शक्यतो मुलींच्या शाळेत, शक्यतो शनिवारी, ड्रोन ते आणणार होते. मी सांगितलं की आमच्या क्लबला सीएसआरचा पैसा थेट घेता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, तीन वर्षांचं काम लागतं, सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी नंबर लागतो. ते हसून म्हणाले, ते सगळं आम्ही मॅनेज करतो, तुम्ही फक्त पन्नास मुलं द्या. मी विचारलं एप्रिलमध्ये त्या शाळेत कोण जाणार? त्यांनी फोन उचलला, कोणाचा आला नव्हता तरी.

मुलं आम्ही दिली नाहीत. क्लबातल्या काहींना ते आवडलं नाही, सर्टिफिकेट बुडाली. खरं तर चालू प्रोजेक्टचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येतो, कायद्यातच सोय आहे, म्हणजे मार्चची ही घाई कंपन्यांनी स्वतःच ओढवून घेतलेली. पण तीन वर्षांचं नियोजन करायला तीन वर्षं टिकणारा माणूस लागतो, आणि सीएसआर डिपार्टमेंटमध्ये पण माणसं आमच्यासारखीच बदलतात.

याच्या उलट मला जे आवडलं ते महापालिकेच्या ग्रीन बाँडचं (पर्यावरणाच्या कामासाठी रोखे विकून घेतलेलं कर्ज), त्यावर आम्ही एक सेशन घेतलं आणि पहिल्यांदा फायनान्सची मुलं आमच्या हॉलमध्ये उभी होती. इंदूर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं, जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आणायचं, म्हणजे पंपांचं वीजबिल डोळे पांढरे करणारं. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने सामान्य गुंतवणूकदारांनाही खुला असलेला बाँड काढून २४४ कोटी उभे केले, सव्वाआठ टक्के व्याजाने, जलूदला ६० मेगावॉटचा सोलर प्लांट टाकायला. माझ्या दृष्टीने त्यातली गंमत व्याजदरात नव्हती. कर्ज घेतलं की वर्षानुवर्षं कोणीतरी हप्ता फेडायचा असतो, आयुक्त बदलो, महापौर बदलो, विसरून चालत नाही. आमच्या क्लबवर असं कोणाचंच देणं नव्हतं.

म्हणून जाताना मी क्लबची घटना बदलायचा प्रस्ताव ठेवला. एक, अध्यक्षाची निवड मार्चऐवजी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जुना आणि नवा चार महिने एकत्र काम करतील. हे लगेच पास झालं. दुसरं होतं ते म्हणजे एक पद पीएचडीवाल्यांसाठी राखीव. बघा ना, कॅम्पसवर चार-पाच वर्षं राहणारे विद्यार्थी आहेत, मे महिन्यात पण लायब्ररीत बसलेले असतात, आणि त्यांना आजवर कुठल्याच क्लबने विचारलं नव्हतं, कारण त्यांना सीव्ही पॉइंट नको असतो आणि ते पार्टीला येत नाहीत. यावर मात्र दीड तास वाद. एकाचं म्हणणं, ते आमच्या बॅचचे नाहीत. दुसऱ्याचं, मग वोटिंग कसं मोजायचं. मी म्हटलं मोजू नका, त्यांना फक्त पाण्याच्या लाइनची किल्ली, वाड एक-वाड दोनचं रजिस्टर आणि माळीकाकांचा नंबर द्या.

दोन मतांनी पास झालं. इकॉनॉमिक्सचा एक स्कॉलर तयार झाला, तिसरं वर्ष चालू होतं त्याचं, म्हणाला करतो, पण दोन अटी: इन्स्टावर फोटो टाकायचा नाही, आणि मीटिंग दुपारी चारच्या आधी ठेवायची नाही.